फोन सोडता येत नाही, तेव्हा उपचार कशावर होतात

मोबाइल आणि इंटरनेटच्या अनिवार वापरासाठी मी मानसोपचार घेतले, हे आता घरच्यांना, कार्यालयातल्या दोघीतिघींना आणि जवळच्या मैत्रिणींना ठाऊक आहे. त्यांतल्या बहुतेकींनी मला पहिला प्रश्न एकच विचारला: तिथे नेमके करतात काय? दारू सोडवण्यासाठी काय करतात याची निदान ढोबळ कल्पना मराठी वाचकाला असते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केले, त्याविषयी पुढे पुष्कळ लिहिले-बोलले गेले, आणि व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार असतात, हा विचार आपल्याकडे घराघरांत पोहोचला. पण ज्या वस्तूवाचून वीजबिल भरता येत नाही, मुलांच्या शाळेची सूचना कळत नाही आणि भाजीवाल्याला पैसेही देता येत नाहीत, तिच्या अतिवापरावर उपचार कसे होत असतील, याचे चित्र सहसा डोळ्यांसमोर येत नाही. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहीत आहे.

माझा वापर कोणत्या प्रकारचा होता हे आधी सांगायला हवे, कारण उपचारांची दिशा त्यावरच ठरते. मी गेम खेळत नाही आणि समाजमाध्यमांवर स्वतःचे काही टाकण्याची मला हौसही नाही. माझा वेळ जात असे तो बातम्या, त्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया आणि एकामागून एक आपोआप पुढे येणारे छोटे व्हिडिओ पाहण्यात. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी रात्री जागत बसताना याची सुरुवात झाली आणि त्या दिवसांत फोनची खरोखरच सोबत होती. आई गेल्यावर जागण्याचे कारण उरले नाही, तरी जागरण तसेच चालू राहिले. घरातले सगळे झोपले की मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत फोन घेऊन बसत असे आणि जिन्यात दूधवाल्याची चाहूल लागली की अंथरुणाकडे जात असे. दिवसा करसल्लागाराच्या कार्यालयात समोर विवरणपत्र उघडे असतानाही हात आपसूक फोनकडे जाई, आणि फोन उघडल्यावर त्यात काय पाहायचे होते तेच आठवत नसे.

तरीही मानसोपचारतज्ज्ञांकडे मी फोनची तक्रार घेऊन गेले नव्हते. डोकेदुखी, पित्त आणि सततची चिडचिड यांसाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे चकरा चालू होत्या. त्यांनी एकदा गोळ्या लिहून देण्याऐवजी झोपेची चौकशी केली, मी किती वाजता झोपते आणि तोवर काय करत असते हे नीट विचारून घेतले, आणि पुढे जाण्यासाठी चिठ्ठी दिली. अनेकांचा रस्ता असाच असावा असे मला वाटते. या त्रासाला घरात आळस किंवा बेशिस्त म्हटले जाते, आणि आळसासाठी कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

पहिल्याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञांनी जे सांगितले त्याचे महत्त्व मला आजही वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्वतंत्र निदान म्हणून स्थान आहे. इंटरनेटच्या एकूण अतिवापराला तसे स्वतंत्र स्थान नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेतही इंटरनेट गेमिंगचा उल्लेख अधिक अभ्यासाची गरज असलेल्या विकारांमध्ये आहे. त्यामुळे माझ्या त्रासाचे नाव काय, याचे ठाम उत्तर डॉक्टरांनी दिले नाही. वापरावरचा ताबा सुटला आहे का, बाकीच्या सगळ्या गोष्टींवर त्या वापराने कुरघोडी केली आहे का, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो का, हे तीन प्रश्न मात्र त्यांनी मला विचारले. किती तास, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने दुय्यम होता. दिवसभर पडद्यासमोर काम करून संध्याकाळी शांतपणे संगणक बंद करणारा माणूस आजारी नसतो, आणि रात्रीचे दोनच तास फोनवर घालवणाऱ्याची झोप, नोकरी आणि संसार त्या दोन तासांपायी मोडकळीला आलेला असू शकतो.

त्यानंतर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी तयार केलेली वीस प्रश्नांची चाचणी झाली, थायरॉइड तपासले गेले, आणि नैराश्य, चिंता व एकाग्रतेचा विकार यांची चौकशी झाली. ही चौकशी टाळून थेट ‘मोबाइलचे व्यसन’ असा शिक्का मारणाऱ्या कोणावरही विसंबू नये, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण अतिवापर हा पुष्कळदा दुसऱ्याच दुखण्यासोबत येतो. माझ्या बाबतीत मध्यम स्वरूपाचे नैराश्य निघाले आणि त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. अनिवार इंटरनेट वापरावर म्हणून मान्यता मिळालेले कोणतेही औषध नाही. त्यावरचे काम बोलण्यातून आणि सरावातून होते, आणि त्यासाठी मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवण्यात आले. ज्यांना हा फरक माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते की, मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देऊ शकतात, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे झालेली असावी लागते. हा नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही.

पहिल्या काही भेटींत या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी फोन कमी करा असे एकदाही म्हटले नाही. त्यांनी मला एक कोरा तक्ता दिला. वेळ, जागा, फोन हातात घेण्यापूर्वी काय चालले होते, मनात काय होते, काय पाहिले, आणि ठेवल्यावर कसे वाटले, असे सहा रकाने. मी भेटीला जाई ती आपण किती तास वाया घालवले याची कबुली देण्याच्या तयारीने, आणि त्या म्हणत, “फोनमध्ये काय बघितलंत ते राहू दे. त्याच्या आधीचं एक मिनिट मला सांगा.”

ते एक मिनिट सांगता येत नाही, हे मला तक्ता भरू लागल्यावर कळले. सुरुवातीला त्या रकान्यात मी ‘कंटाळा’ एवढेच लिहीत असे. मॅडमनी तो शब्द आठवडाभर वापरायचा नाही असे सांगितले, तेव्हा नोंदी बदलल्या. त्यांतली एक अजून माझ्या वहीत आहे: ‘रात्री साडेदहा. ओटा पुसून झाला. फडके पिळून नळावर टाकले. हात मोकळे झाले. आता कोणी हाक मारणार नाही. छातीत जड वाटते आहे.’ दुसरी कार्यालयातली आहे: ‘जीएसटीची नोटीस आलेली फाइल उघडली. आकडे जुळत नाहीत. साहेबांना विचारावे लागेल. पोटात गोळा.’ अशी पाने भरत गेली तसा एक सांधा दिसू लागला. आपण दिवसभर फोन पाहतो अशी माझी समजूत होती, पण माझा अनिवार वापर ठरावीक जागी उफाळत होता. रात्रीची आवराआवर संपल्यावर, चूक निघण्याची भीती असलेले काम समोर आल्यावर, आणि रविवारी दुपारी, म्हणजे आईकडे जाण्याच्या वेळेला. ‘दिवसभर’ या शब्दावर उपचार करता येत नाहीत, या तीन जागांवर करता येतात.

पुढचा टप्पा त्या जागी मनात चालणाऱ्या वाक्यांचा होता. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती महाराष्ट्रात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी या विषयावर मराठीत भरपूर लेखन केले. त्यामुळे आपल्याकडचे अनेक समुपदेशक ही पद्धत सहजपणे मराठीतून शिकवतात, आणि आपल्या त्रासाविषयी आपल्या भाषेत बोलता येणे ही केवढी मोठी सोय आहे हे मी अनुभवाने सांगते. घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्यामध्ये आपला एक समज उभा असतो, आणि काम त्या समजावर करायचे असते, असे तिचे सूत्र आहे. माझे समज कागदावर उतरवले तेव्हा ते असे होते: ‘एवढा दिवस राबल्यावर मला हे मिळालेच पाहिजे.’ ‘ही अस्वस्थता मला सहन होणारच नाही.’ ‘आकडे जुळले नाहीत तर मी या कामाच्या लायकीचीच नाही.’ यांतले प्रत्येक वाक्य घेऊन मॅडम विचारत, याला पुरावा काय? ‘सहन होणारच नाही’ हे वाक्य वादात टिकले नाही, कारण त्याहून कितीतरी अवघड गोष्टी मी सहन केलेल्या होत्या. मात्र वादात हरलेला समज मनातून लगेच निघून जात नाही. तेच उत्तर त्याच जागी पुन्हा पुन्हा द्यावे लागते, आणि त्या पुनरावृत्तीचा सुरुवातीला फार शीण येतो.

दारूच्या उपचारात ‘एकही घोट नाही’ अशी सरळ रेषा आखता येते. इथे मधुमेही माणसाला ताटात काय वाढायचे आणि काय नाही हे ठरवावे लागते तसे ठरवावे लागले. मॅडमनी तीन याद्या करायला लावल्या. पहिलीत जे पूर्ण बंद: छोटे व्हिडिओ आणि बातम्यांखालच्या प्रतिक्रिया. दुसरीत जे अटींवर: व्हॉट्सॲप ठरलेल्या वेळी, बातम्या फक्त सकाळी आणि त्याही छापील वर्तमानपत्रात. तिसरीत जे बिनदिक्कत: बँक, पैसे देणे, फोनवर बोलणे, नकाशे, कार्यालयाचे काम, मावशीशी व्हिडिओ कॉल. इंटरनेट आणि तंत्रज्ञानाच्या व्यसनाशी झगडणाऱ्यांचा ‘आयटीएए’ हा स्वमदत गट अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर चालतो. त्यांच्याकडेही आपली बंद करण्याची गोष्ट ज्याने त्याने स्वतःच ठरवायची असते. दुसऱ्याच्या याद्या उचलून उपयोग होत नाही. माझ्या मावसभावाला क्रिकेटवर पैसे लावण्याची खोड आहे. त्याची पहिली यादी माझ्यासारखी कशी असेल?

याद्या पाळण्यासाठी केवळ निर्धार पुरत नाही, हेही उपचारातच शिकवले गेले आणि त्यामागचे कारण मला पटले. पुढचा व्हिडिओ रंजक निघेल की रटाळ, हे आधी कळत नाही. बक्षीस कधी मिळेल याची खात्री नसते तेव्हा वर्तन सर्वांत चिवट होते, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वी दाखवले होते. पान संपतच नाही अशी रचना आझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली आणि तिच्या परिणामांबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. पान संपते तेव्हा माणूस क्षणभर थांबतो आणि पुढे जायचे की नाही हे ठरवतो. तो थांबाच काढून टाकलेला असल्यामुळे आपल्याला आपले थांबे बाहेर उभारावे लागतात. माझे थांबे असे आहेत: फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, उशाशी गजराचे साधे घड्याळ, सूचना फक्त फोन आणि बँकेच्या संदेशांच्या, पडदा कृष्णधवल, आणि कार्यालयाच्या संगणकावर ठरावीक संकेतस्थळे अडवणारी सोय, जिचा पासवर्ड शेजारी बसणाऱ्या सहकारी ताईंकडे आहे.

एवढे करूनही तल्लफ येतेच. तिच्यावर जो सराव दिला जातो तो ऐकायला साधा वाटतो आणि करायला अवघड जातो. तल्लफ आली की तिच्याशी भांडायचे नाही, तिला ताबडतोब दुसऱ्या कामात बुडवायचे नाही आणि तिच्यापुढे मानही तुकवायची नाही. जागेवर बसून ती शरीरात कुठे आहे ते पाहत राहायचे. माझ्या बाबतीत ती आधी उजव्या अंगठ्यात येते. मग जबडा आवळला जातो, श्वास गळ्यापाशी अडकल्यासारखा होतो आणि मनात ‘फक्त एकदा बघते’ हे वाक्य फिरू लागते. त्या वेळी ती वाढतच जाईल अशी खात्री वाटते. प्रत्यक्षात ती चढते, थोडा वेळ टिकते आणि उतरते. हे उतरणे पुस्तकात वाचून पटत नाही, अंगावर घ्यावे लागते. पहिल्यांदा हा सराव मी मॅडमच्या खोलीतच, फोन समोरच्या टेबलावर ठेवून केला.

रात्रीची ती वेळ रिकामी झाली तेव्हा तिच्याखाली दडलेले दुःख वर आले. आईच्या आजारपणातले निर्णय, तिचे शेवटचे दिवस, न बोललेल्या गोष्टी यांवर त्यानंतरच्या बऱ्याच भेटी गेल्या आणि त्यांचा तपशील इथे देणार नाही. एवढे मात्र नोंदवते की, त्या भेटींनंतर पहिली यादी पाळणे पूर्वीइतके कष्टाचे राहिले नाही. फोन काढून घेतला की प्रश्न मिटतो असे मानणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला माझी विनंती आहे की, फोनने काय झाकले आहे याचा विचार तुम्ही फोन काढून घेण्याआधी करावा.

घरच्यांचा भाग इथे येतोच. एका भेटीला माझे यजमान सोबत होते. तोवर ते रात्री उठून मी जागी आहे का ते पाहत आणि सकाळी टोमणा मारत. त्यामागे काळजीच होती, पण तिचा परिणाम लपवाछपवीत होत होता. मॅडम त्यांना म्हणाल्या, “पहारा देऊ नका. त्यांनी मागितली तर मदत करा. आणि साडेनऊनंतर तुमचाही फोन हॉलमध्येच राहू दे.” या शेवटच्या वाक्यावर ते जरा घुटमळले, पण त्यांनी ते पाळले आणि कोणत्याही उपदेशापेक्षा त्याचा मला अधिक आधार झाला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा जो पायंडा पाडला, त्यातही मला हेच मोलाचे वाटते की नियम मुलांबरोबर मोठ्यांनाही लागू आहे. भोंगा म्हणजे उपचार नव्हेत, आणि ज्याचा ताबा सुटला आहे त्याला तेवढ्याने बरे वाटणार नाही. तरी उपचार घेणाऱ्याला असे घर आणि असे गाव मिळणे हे भाग्यच म्हणायला हवे.

याच्या अगदी उलट टोकाची उदाहरणेही आहेत आणि मुलांच्या पालकांनी ती माहीत करून घ्यावीत. चीनमध्ये लष्करी शिस्तीची शिबिरे निघाली, काही ठिकाणी इंटरनेटच्या व्यसनावर विजेचे झटकेही दिले गेले, आणि २००९ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला ते थांबवण्याचा आदेश काढावा लागला. मुलाला कोंडून, मारून किंवा अपमानित करून ‘सुधारणारे’ ठिकाण उपचारकेंद्र असू शकत नाही.

बोलण्याच्या उपचारांचा उपयोग होतो याला आधार आहे का, हे मी स्वतः विचारले होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४३ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारगटाला दर आठवड्याला एक याप्रमाणे १५ गटसत्रे आणि सोबत आठपर्यंत वैयक्तिक भेटी मिळाल्या. शेवटी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोकांची लक्षणे आटोक्यात आली होती, तर प्रतीक्षायादीत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. या आकड्यांनी मला धीर दिला, पण ते जपूनच वापरायला हवेत. त्यात एकही स्त्री नव्हती, बहुतेकांचा त्रास गेमिंगचा होता, आणि तुलना उपचारांची वाट पाहणाऱ्यांशी होती.

उपचार घेऊनही ज्यांची लक्षणे आटोक्यात आली नाहीत त्या सुमारे ३१ टक्क्यांचा विचारही मी अनेकदा करते. उपचारांच्या शेवटच्या भागात मॅडमनी घसरणीची तयारी करून घेतली. एकदा पाऊल घसरले की ‘आता सगळेच वाया गेले’ असे मानून माणूस पूर्ण जुन्या वापरावर परततो आणि खरे नुकसान त्या मानण्यातून होते, हे ॲलन मार्लट यांनी व्यसनांच्या अभ्यासातून मांडले होते. म्हणून माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर घसरल्यावर काय करायचे ते लिहिले आहे: ॲप काढून टाकणे, तक्ता पुन्हा भरायला घेणे, यजमानांना त्याच दिवशी सांगणे, आणि भेटीची वेळ घेणे. मला ते पान वापरावे लागले आहे आणि त्याचा उपयोग झाला आहे.

कुठे जावे, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे लिहिते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठीचे ‘शट’ क्लिनिक २०१४ मध्ये सुरू झाले आणि देशातल्या या कामाचा पाया तिथे घातला गेला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचे काम मराठीतून करते. पण त्यासाठी मोठ्या शहरातच जायला हवे असे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी जिल्हा रुग्णालयांत तपासणीची सोय असते. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. खासगी समुपदेशनाचा खर्च जड वाटत असेल तर ते पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगावे. भेटींमधले अंतर वाढवून किंवा गटसत्रांतून मार्ग निघू शकतो.

पहिल्या भेटीला जाताना फोनमध्येच मिळणारा आठवड्याचा वापराचा अहवाल सोबत न्यावा, पण त्यावरच सगळी भिस्त ठेवू नये. झोपण्या-उठण्याच्या वेळा, चालू असलेली औषधे, आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत घरात काय काय घडले, हे एका कागदावर लिहून न्यावे. फोनवरचा वेळ मोकळा झाला तर तो कशाला द्यायचा आहे, हेही त्याच कागदावर लिहावे. हा प्रश्न मला दुसऱ्या भेटीत विचारला गेला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते शोधण्यात पुढच्या कित्येक भेटी गेल्या.